हिशेबात न येणारा वेळ : नेटवर्क ड्रायव्हर आणि मंदावलेला संगणक

आजचा विषय ऐकायला जरा तांत्रिक आहे, पण त्याचा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांनी घेतलेला असणार. संगणक चालू आहे, आपण काही विशेष करत नाही आहोत. तरी माउसचा बाण अडखळतो, गाणं लावलं तर मधेच खरखर होते, टाइप केलेली अक्षरं थांबून थांबून उमटतात. टास्क मॅनेजर उघडावा तर यादीतला प्रत्येक जण सज्जन. कुणी १ टक्का घेतोय, कुणी २ टक्के. मग कुणीतरी सहज नेटची केबल काढतं किंवा वाय-फाय बंद करतं, आणि यंत्र एकदम हलकं होतं. केबल लावली की पुन्हा तेच.

अशा वेळी आपल्याकडे दुरुस्तीवाला काय सांगतो हे तुम्हाला माहीत आहे. व्हायरस असेल, फॉरमॅट मारावा लागेल. नाहीतर, रॅम वाढवा. पुष्कळांनी यात पैसे घातलेत, पुष्कळांचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली त्या फॉरमॅटमध्ये गेल्यात. मी त्या दुरुस्तीवाल्याला फार दोष देत नाही. त्याच्या पुढ्यात जी यादी होती तिच्यात गुन्हेगाराचं नावच नव्हतं. ते का नव्हतं आणि यायला किती वर्षं लागली, ते आज बघू.

सुरुवात इंटरप्टपासून करावी लागेल. १९५० च्या दशकातले संगणक एका वेळी एकच काम करायचे, आणि बाहेरून माहिती यायची असेल तर प्रोसेसर हात जोडून तिची वाट बघत बसायचा. किंवा मधूनमधून जाऊन विचारायचा, आली का? आली का? याला पोलिंग म्हणतात. त्या काळातल्या महागड्या यंत्राचा वेळ असा वाया घालवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या लुईस प्रयोगशाळेत विंड टनेल होते, म्हणजे विमानाच्या भागांची चाचणी घ्यायचे वाऱ्याचे बोगदे. तिथल्या युनिव्हॅकला अशी सोय हवी होती की एरवी त्याने आपली गणितं करत राहावं, आणि बोगद्यातली मोजमापं आली की हातातलं काम तिथेच ठेवून ती आधी घ्यावीत. इंटरप्टचं हे सगळ्यात जुन्या उदाहरणांपैकी एक. घरातलं बघा ना. पोळ्या लाटताना दर मिनिटाला दार उघडून कोण आलंय बघायचं, की दाराला बेल लावायची? बेल लावली की तुम्ही निवांत लाटत राहता.

पण बेल वाजली की हात धुवावे लागतात, गॅस बारीक करावा लागतो, परत आल्यावर कुठे होतो ते आठवावं लागतं. प्रोसेसरचंही तसंच. आणि बेल कधी वाजेल हे आधी सांगता येत नाही. हॉलंडमध्ये लूपस्ट्रा आणि स्कोल्टन हे दोघे एक्स-१ नावाचं यंत्र बांधत होते. त्यांनी त्यात इंटरप्ट ठेवायचं ठरवलं तेव्हा त्यांचा प्रोग्रामर घाबरला. त्याचं म्हणणं असं, की व्यत्यय कधीही येणार असेल तर चूक झाली तरी ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, मग शोधायची कशी? त्या दोघांनी त्याची समजूत घातली, त्याने ते काम केलं, आणि १९५९ मध्ये त्यावरच पीएचडीचा प्रबंध लिहिला. हा प्रोग्रामर म्हणजे एडस्खर डाइकस्ट्रा. त्याची भीती लक्षात ठेवा. "तुम्ही आलात तेव्हा नीट चालतोय, मघाशी अडकत होता" हे वाक्य आपण दुरुस्तीवाल्याला सांगतो ना, ती तीच भीती आहे.

आता नेटवर्क. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या केंद्रात मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इथरनेटची सुरुवात केली. वेग सेकंदाला जेमतेम ३० लाख बिट. १९८० साली ठरलेल्या प्रमाणात तो १० मेगाबिट झाला, १९९५ मध्ये १०० आणि १९९० चं दशक संपता संपता १०००. हा आकडा तुम्ही जाहिरातीत बघता. ड्रायव्हर लिहिणारा वेगळा आकडा बघतो. सेकंदाला पॅकेट किती? पॅकेट लहानात लहान असेल तर १० मेगाबिटच्या तारेवर सेकंदाला सुमारे १४,८८० येऊ शकतात, गिगाबिटच्या तारेवर १४ लाख ८८ हजार. मोठ्यात मोठं, १५०० बाइटचं पॅकेट धरलं तरी गिगाबिटवर सेकंदाला ८१ हजार. आणि सुरुवातीची पद्धत काय होती? एक पॅकेट, एक बेल. दर बारा मायक्रोसेकंदांना बेल वाजणाऱ्या घरात पोळ्या किती होतील याचा विचार करा.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये युझेनिक्सच्या परिषदेत एक निबंध वाचला. मोगल डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधले. त्यांच्यापुढे एक साधी मांडणी होती : युनिक्सवर चालणारं एक यंत्र, दोन नेटवर्कांच्या मधे बसवलेलं, इकडची पॅकेट तिकडे पाठवणारं. त्यांनी येणाऱ्या पॅकेटांची गती हळूहळू वाढवली. आधी जितकी येत तितकी पलीकडे जात होती. एका मर्यादेनंतर पलीकडे जाणारी वाढायची थांबतील, म्हणजे आलेख सपाट होईल, असं आपल्याला वाटेल. तसं झालं नाही. आलेख खाली यायला लागला. मधे पॅकेट तपासणारा प्रोग्राम ठेवला तर तो थेट शून्यावर आला. यंत्र पूर्ण शक्तीने राबत होतं आणि बाहेर एकही पॅकेट पडत नव्हतं.

कारण असं. पॅकेट आलं की इंटरप्ट, आणि इंटरप्टचा मान सगळ्यात वरचा. तो पॅकेट उचलून पुढच्या रांगेत ठेवतो. त्या रांगेतून पॅकेट घेऊन पुढे पाठवणारं काम खालच्या मानाचं. त्याची पाळी येण्याआधीच पुढचा इंटरप्ट. रांग भरते. मग प्रोसेसर काय करतो, तर पॅकेट उचलतो, रांगेपर्यंत नेतो, जागा नाही म्हणून फेकून देतो, आणि परत दार उघडायला जातो. याला त्यांनी रिसीव्ह लाइव्हलॉक म्हटलं. डेडलॉकमध्ये सगळे थिजून उभे असतात. लाइव्हलॉकमध्ये सगळे धावतायत आणि काम होत नाही. सरकारी कार्यालयात आवक नोंदवणारा कारकून फार तत्पर असला आणि निकाल देणाऱ्याला वेळच मिळाला नाही तर जे होईल ते.

उपाय त्यांनी सुचवला तो गमतीचा आहे, कारण तो मागे जातो. पहिली बेल वाजली की बेल बंद करा. मग स्वतः जाऊन, ठरावीक संख्येपर्यंतच, दाराशी असलेली पॅकेट उचला. संपली तर बेल पुन्हा चालू. आणि टाकायचंच असेल तर दाराबाहेरच टाका, म्हणजे कार्डावरच, प्रोसेसरचे श्रम खर्च होण्याआधी. म्हणजे १९५० च्या दशकात ज्या पोलिंगपासून सुटका करून घेतली तेच अर्धं परत आणलं. लिनक्समध्ये हीच कल्पना एनएपीआय नावाने आली. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी २००१ मध्ये ती मांडली आणि २.४.२० या आवृत्तीपासून ती मुख्य प्रवाहातल्या लिनक्समध्ये मिळायला लागली.

ही झाली राउटर आणि सर्व्हरची गोष्ट. तुमच्या-माझ्या टेबलावर विंडोज होतं.

१९९३ मध्ये विंडोज एनटी आलं तेव्हा त्यात इंटरप्टचं काम दोन हप्त्यांत वाटलं होतं. पहिला हप्ता अगदी छोटा : कार्डाला पोच द्यायची आणि बाजूला व्हायचं. उरलेलं काम डीपीसी नावाच्या दुसऱ्या हप्त्यात, म्हणजे 'थोड्या वेळाने करतो' म्हणून ठेवलेलं. पॅकेट उलगडणं, वर पोचवणं हे सगळं तिथे. रचना चांगली आहे. पण हा 'थोड्या वेळाने'सुद्धा तुमच्या कुठल्याही प्रोग्रामच्या आधी येतो. तुमचा वर्ड, तुमचं गाणं, टास्क मॅनेजर स्वतः, सगळे डीपीसी संपेपर्यंत ताटकळतात. मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की पहिला हप्ता २५ मायक्रोसेकंदांच्या आत आटपा, डीपीसी १०० च्या आत. पण हे सांगणंच होतं. न पाळणाऱ्याला अडवणारं कुणी तिथे नव्हतं.

आणि मुख्य मुद्दा हा, की डीपीसी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर चालत नाही. त्या वेळी जो कुणी चालू असेल त्याला थांबवून, त्याच्याच जागेवर उभं राहून ते काम होतं. टास्क मॅनेजर मात्र प्रोसेसची यादी दाखवतो. मग हा वेळ कुठे जायचा? जुन्या विंडोजमध्ये तो चक्क 'सिस्टम आयडल प्रोसेस'च्या खाती पडायचा. आयडल! यंत्र इंटरप्टखाली गुदमरतंय आणि हिशेबाची वही म्हणतेय की ते रिकामं बसलंय. एवढी सरळ उलटी नोंद मला संगणकाच्या इतिहासात दुसरी आठवत नाही. मार्क रुसिनोविच यांच्या प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये 'इंटरप्ट्स' आणि 'डीपीसी' अशा वेगळ्या ओळी होत्या, पण तो मुद्दाम उतरवून घ्यावा लागायचा. विंडोजच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टम इंटरप्ट्स' ही ओळ आली विंडोज ८ मध्ये, २०१२ साली. एनटीनंतर १९ वर्षांनी.

या मधल्या १९ वर्षांत स्वस्त कार्डं घरोघर पोचली. रियलटेकची ८१३९ ही चिप तुमच्यापैकी काहींना आठवेल. इथरनेट स्वस्त होण्यात तिचा वाटा मोठा आहे, तिला नावं ठेवताना हे विसरू नये. पण स्वस्ताई कुठून आली? ती सगळी पॅकेट मेमरीच्या एकाच सलग पट्ट्यात ओतायची. तिथून एकेक उचलून योग्य जागी नकलून ठेवायचं काम प्रोसेसरचं. महागडं कार्ड जे स्वतः करायचं ते इथे तुमच्या पेंटियमवर ढकललं जायचं. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी त्या कोडच्या टिप्पणीतच तिची अशी खरडपट्टी काढली आहे, की ती प्रोग्रामर मंडळी अजून चवीने वाचतात. कार्डावर वाचलेले पैसे आपण प्रोसेसरच्या वेळात फेडत होतो, आणि पावती मिळत नव्हती.

आता २००७ कडे येऊ, कारण त्या वर्षी हा सगळा प्रकार चव्हाट्यावर आला. जानेवारीत व्हिस्टा बाजारात आलं. काही महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं की गाणं चालू असताना नेटवर्कवरून फाइल कॉपी केली तर वेग कोसळतो. गाणं बंद केलं की परत वर. लोक हसले, चिडले. संगीताच्या चोरीला आळा घालायच्या यंत्रणेचा हा परिणाम आहे असाही तर्क निघाला. ऑगस्टमध्ये रुसिनोविच यांनी, जे तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले होते, त्याचा खुलासा लिहिला.

खुलासा असा. व्हिस्टात गाणं अडखळू नये म्हणून एक सेवा होती, तिचं संक्षिप्त नाव एमएमसीएसएस. ती गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामचा मान वाढवायची. पण कितीही वाढवला तरी तो डीपीसीच्या खालीच. चाचण्यांमध्ये दिसलं की नेटवर्कवर वर्दळ वाढली की तिचे डीपीसी गाण्याला अडवतात. मग त्यांनी काय केलं, तर गाणं वाजत असताना नेटवर्कलाच लगाम घातला : एका मिलिसेकंदात १० पॅकेट, म्हणजे सेकंदाला १० हजार. १५०० बाइटच्या हिशेबाने हे साधारण १५ मेगाबाइट होतात. १०० मेगाबिटचं नेटवर्क असेल तर ते मुळात १२ मेगाबाइटच्या वर जात नाही, त्यामुळे कुणाला काही कळलंच नसतं. गिगाबिटवाल्यांचा वेग मात्र पंधरा टक्क्यांवर आला. त्यात आणखी एक चूक होती. यंत्रात एकाहून जास्त नेटवर्क कार्डं असली, म्हणजे एक तारेचं आणि एक वाय-फायचं, तर लगाम आणखी आवळला जायचा.

या प्रसंगाकडे लोक मायक्रोसॉफ्टची फजिती म्हणून बघतात. मला तो प्रामाणिक कबुलीजबाब वाटतो. वेगवेगळ्या कंपन्यांनी लिहिलेले ड्रायव्हर किती वेळ घेतील यावर आपला ताबा नाही, हे खुद्द विंडोज बांधणाऱ्यांनी आकड्यात मान्य केलं : १० पॅकेट. पुढे सर्व्हिस पॅक १ मध्ये हा आकडा रजिस्ट्रीतून बदलायची सोय झाली. 'नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स' हे तिचं नाव. आजही इंटरनेट वेगवान करायचा रामबाण उपाय म्हणून ते एकमेकांना सांगितलं जातं. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते गाण्यासाठी होतं हे माहीत नसतं.

इथवर आपण फक्त कार्डाच्या ड्रायव्हरबद्दल बोललो. पण पॅकेट कार्डापासून ब्राउझरपर्यंत पोचताना वाटेत आणखी नाके लागतात. अँटिव्हायरसचा फिल्टर, व्हीपीएनचा आभासी कार्ड-ड्रायव्हर, व्हर्च्युअल मशीनचा पूल, आणि 'गेमला आधी वाट देतो' म्हणणारं मदरबोर्डबरोबर आलेलं सॉफ्टवेअर. प्रत्येक नाक्यावर पॅकेट थांबतं. जुन्या विंडोजमध्ये विन्सॉक २ ने एलएसपी नावाची सोय दिली होती, कुणीही साखळीत आपली कडी घालावी. ती जाहिराती घुसवणाऱ्यांनी हातोहात उचलली. वर आणखी, ती कडी अँटिव्हायरसने उपटून काढली की साखळी तुटायची आणि नेटच बंद. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, २००४ साली, 'नेटश विन्सॉक रीसेट' ही आज्ञा आली ती हे निस्तरायला. ज्यांनी तेव्हा सायबर कॅफे चालवला त्यांना ती पाठ असेल.

यातलंच एक पुढचं प्रकरण आहे, आणि ते वेळेचं नाही, मेमरीचं. विंडोज ८ पासून एनडीयू नावाचा ड्रायव्हर पार्श्वभूमीवर चालतो. कुठल्या प्रोग्रामने किती डेटा वापरला याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. काही यंत्रांवर लोकांना दिसलं की संगणक सुरू ठेवला की रॅम तासातासाने भरत जाते आणि यादीत कुणाच्याच नावावर नसते. ती असते 'नॉनपेज्ड पूल'मध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या मालकीच्या अशा जागेत जी डिस्कवर हलवता येत नाही. पूलमॉन नावाच्या साधनाने शोधलं की चार अक्षरी खुणेवरून घेणाऱ्याचा माग लागतो. अशा वेळी एनडीयू बंद करून पुष्कळांना गुण आला. पण नोंद ठेवणारा बंद केल्यावर गळती थांबली, म्हणून गळती त्याचीच होती असं होत नाही. दोघांचं जमत नसेल तर दोघांपैकी कुणालाही बाहेर काढलं तरी भांडण थांबतं.

आता हा शोध प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते सांगतो. गंमत म्हणजे तो आपल्याला शिकवला संगीतकारांनी. घरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करणाऱ्याला पाच-दहा मिलिसेकंदांची खोटसुद्धा कानाने कळते, त्यामुळे डीपीसीचा पहिला बळी तो. जर्मनीच्या थेसिकॉन कंपनीचा डीपीसी लेटन्सी चेकर आणि नंतर रेस्प्लेंडन्सचा लेटन्सीमॉन ही साधनं त्यांच्यातच आधी रुजली. त्यांची रीत अगदी साधी : साधन चालू ठेवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एकेक उपकरण डिसेबल करा, आलेखाचे सुळके कधी खाली बसतात ते बघा. बहुतेक वेळा सुरुवात वाय-फायपासून करायचे.

तर आधी केबल काढून आणि वाय-फाय बंद करून बघा, फरक पडतो का. पडत नसेल तर आजचं व्याख्यान तुमच्या दुखण्याचं नाही. पडत असेल तर 'सिस्टम इंटरप्ट्स'ची ओळ बघा. स्वस्थ यंत्रावर ती फार क्वचित एक-दोन टक्क्यांच्या वर जाते. ती वर असेल तर लेटन्सीमॉन लावा. इथे एक सावधगिरी. तो बहुधा 'एनडीआयएस' हे नाव दाखवेल, आणि लोक म्हणतात, ही तर विंडोजचीच फाइल, म्हणजे विंडोजच बिघडलं, करा फॉरमॅट. एनडीआयएस ही सगळ्या नेटवर्क ड्रायव्हरांना सामायिक चौकट आहे. कार्डाच्या ड्रायव्हरचं काम तिच्यामार्फत होतं म्हणून नाव तिचं येतं. हातगाडी कुणाची हे न बघता रस्त्याला दंड करण्यासारखं आहे ते. त्यानंतर फिल्टर एकेक करून काढा, नुसते बंद करून नव्हे, अनइन्स्टॉल करून, कारण पुष्कळ अँटिव्हायरसचे फिल्टर खिडकीत 'ऑफ' केलं तरी साखळीत बसून राहतात. आणि ड्रायव्हर बदलायचा तर नेहमी नवाच घ्यावा असं नाही. काल नीट होतं आणि अपडेटनंतर बिघडलं असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण त्यासाठीच आहे.

दोन प्रश्न आलेत, ते घेऊन थांबतो. पहिला : सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर वापरावीत का? मी वापरत नाही. ती मॉडेलचं नाव जुळवतात, पण लॅपटॉप बनवणाऱ्याने त्याच चिपसाठी केलेले बदल त्यांना ठाऊक असतीलच असं नाही. शिवाय त्यातली काही स्वतःच पार्श्वभूमीवर ठाण मांडतात. लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या.

दुसरा प्रश्न चांगला आहे : हे सगळं आता सुटलं का? घरच्या यंत्रावर बरंचसं सुटलं. प्रोसेसरला आठ-आठ कोअर आहेत, कार्डं बेला गोळा करून एकदाच वाजवतात, गेम खेळणारे मात्र ते इंटरप्ट मॉडरेशन बंद करतात, कारण त्यांना थांबायचं नसतं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे डीपीडीके वापरतात. त्यात इंटरप्ट जवळजवळ नाहीतच. एक अख्खा कोअर सतत कार्डाला विचारत बसतो, आली का, आली का. त्या कोअरचा आकडा चोवीस तास १०० टक्के दिसतो, पॅकेट येवो न येवो. म्हणजे पूर्वी राबणारं यंत्र रिकामं दिसायचं, आता वाट बघणारं यंत्र राबताना दिसतं. तिथल्या नव्या अभियंत्यांना पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं की तो आकडा बघून घाबरू नका, आणि त्याच्यावर विश्वासही ठेवू नका.